शाळेची किल्ली : कापूसपट्ट्यातील एका द्विशिक्षकी शाळेचे प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील, पहिली ते चौथीपर्यंतच्या एका जिल्हा परिषद शाळेचे आहे. हा एखाद्या विशिष्ट गावाचा अहवाल नाही. या भागातील द्विशिक्षकी शाळांमध्ये वारंवार दिसणारी परिस्थिती एकत्र आणून, केंद्रस्तरावरच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चर्चा करता यावी म्हणून ते रचले आहे. म्हणूनच त्यात गावाचे वा माणसांचे नाव नाही. कायद्यातील तरतुदी, योजना आणि शेतीचा हंगाम मात्र प्रत्यक्षात आहेत तसेच ठेवले आहेत.

गाव, पोड आणि शाळा

गाव कोरडवाहू आहे. खरिपात कापूस, तूर आणि सोयाबीन, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी टिकते त्यांच्याकडे रब्बीत हरभरा किंवा गहू. बहुतेक कुटुंबांची स्वतःची जमीन थोडी असल्याने घरातील स्त्रिया आपले वावर सांभाळून दुसऱ्यांच्या वावरातही रोजीने जातात. नाल्याच्या पलीकडे कोलामांचे पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आहे. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदवलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक असून कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन होत. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे घरी केवळ ती ऐकून सहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात आलेल्या मुलाला शाळेतील मराठी जवळजवळ परकी असते. पोडातील सामाईक निर्णय चावडीत, नाईकाच्या म्हणजे पोडाच्या प्रमुखाच्या उपस्थितीत होतात. गावातील ग्रामसभेला पोडातून फारसे कोणी येत नाही आणि आले तरी बोलत नाही.

शाळेत दोन वर्गखोल्या, जाळीचे दार असलेला व्हरांडा, स्वयंपाकाची खोली आणि एक हातपंप आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात, आणि तेवढेच येथे आहेत: मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारे ज्येष्ठ शिक्षक आणि नव्याने रुजू झालेल्या एक शिक्षिका. दोघेही तालुक्याच्या गावाहून अपडाऊन करतात. चार वर्ग दोघांत वाटून घ्यायचे, त्यातच ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद ठेवायची, मतदार यादीचे काम आले की तेही करायचे. शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटाप्रमाणे ठरते. एकतीस ते शंभर पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला 25,000 रुपये आहे आणि त्यातच वीजबिलापासून खडूपर्यंत सर्व भागवायचे असते. शिक्षकांच्या या ओढाताणीचा उल्लेख मुद्दाम करीत आहे, कारण पालक आणि शाळा यांच्यातील अंतराची चर्चा सुरू झाली की दोष एकतर शिक्षकांवर जातो किंवा पालकांवर, आणि दोन्ही वेळा तो अर्धवट असतो.

पेच

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दरवर्षीप्रमाणे उपस्थिती घसरली. पहिली-दुसरीच्या वर्गांत निम्मी जागा रिकामी दिसू लागली. त्यातच तालुक्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेची गाडी गावात येऊ लागली होती आणि गावातील बऱ्या परिस्थितीतील काही घरांनी मुलांची नावे तिकडे घातली होती. पट आणखी घटला तर पुढे काय, ही धास्ती शिक्षकांना होती आणि ती निराधार नव्हती. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा 2023 पासून राज्यभर सुरू आहे.

मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. मोजकेच सदस्य आले आणि त्यांत एकही स्त्री नव्हती. नेहमीच्या पद्धतीने इतिवृत्त लिहिले गेले आणि उरलेल्या सह्या घेण्यासाठी चौथीच्या दोन मुलांना रजिस्टर देऊन घरोघर पाठवण्याचे ठरले. समितीतील एका सदस्य बाईंच्या हाती ते रजिस्टर संध्याकाळी पोहोचले. त्या दुसऱ्या दिवशी कामावर न जाता साडेदहा वाजता शाळेत आल्या आणि त्यांनी सही करायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते: “सर, तुमी सांगता तवा आमी वावरात रायतो, अन् आमी वावरातून येतो तवा शाळेले कुलूप रायते. मंग सही कायची करू?”

मुख्याध्यापकांना हे बोलणे लागले. ते पंधरा वर्षांहून अधिक काळ याच केंद्रात होते, कोणाच्याही मुलावर त्यांनी कधी हात उगारला नव्हता आणि स्वतःच्या खिशातून त्यांनी अनेकदा वह्या आणल्या होत्या. पालक उदासीन आहेत, ही त्यांची ठाम समजूत होती आणि ती अनुभवातूनच बनलेली होती. बाईंच्या दृष्टीने मात्र शाळा ही शाळेच्या वेळेला येणाऱ्यांचीच होती. दोघेही खरे बोलत होते.

हजेरीपट आणि शेतीचे वर्ष

या टप्प्यावर शिक्षिकेने केलेले काम मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी मागील दोन वर्षांचे हजेरीपट काढले आणि प्रत्येक महिन्यासमोर त्या काळात वावरात कोणते काम असते हे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारून लिहिले. ताई गावातल्याच, बचत गटातल्या. कोणत्या घरातले कोण कोठे कामाला जाते हे त्यांना तोंडपाठ होते. इतकी वर्षे शाळेत रोज येणाऱ्या या ताईंना शाळेच्या कोणत्याही सभेला बोलावले गेले नव्हते, हेही यानिमित्ताने लक्षात आले.

नोंदी शेजारी-शेजारी ठेवताच गैरहजेरीचे तीन वेगळे प्रकार दिसू लागले. पहिला जुलै-ऑगस्टचा. तो जवळजवळ पूर्णपणे पोडातील मुलांचा होता, कारण पाऊस जोराचा झाला की नाला वाहू लागतो आणि कोणताही शहाणा पालक सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एकटे पाठवत नाही. दुसरा ऑक्टोबरमधील सोयाबीन सोंगणीचा, तो अल्पकाळाचा होता. तिसरा आणि सर्वांत मोठा कापूस वेचणीचा, म्हणजे दिवाळीनंतरपासून जानेवारीपर्यंतचा.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस वेचाल तितके पैसे, त्यामुळे बाया सकाळी आठ-साडेआठलाच घराबाहेर पडतात. शाळा भरते साडेदहाला. मधल्या दोन तासांत घराला कुलूप, आजी-आजोबा असतील तर ठीक, नसतील तर लहान मूल कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न. मग आई त्याला सोबत वावरात नेते आणि एकदा वावरात गेलेले मूल साडेदहाला परत येत नाही. थोडी मोठी बहीण असेल तर तीही धाकट्याला सांभाळायला थांबते. मुलांना वेचणीच्या कामाला लावले जाते असे जे सरसकट म्हटले जाते, ते काही घरांत घडते आणि त्याबाबत कठोरच असायला हवे. या शाळेत मात्र पहिली-दुसरीची बहुतांश गैरहजेरी ही मुलांना कामाला लावल्यामुळे नव्हती, तर त्या दोन तासांत त्यांना ठेवायला जागा नव्हती म्हणून होती. कारणच वेगळे असल्याने उपायही वेगळा असायला हवा, हे शिक्षिकेने मुख्याध्यापकांसमोर हजेरीपट ठेवून मांडले. त्यांनी ते मान्य करायला काही दिवस घेतले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर आकडे ठेवताना शिक्षिकेने दोषारोप केला नाही, प्रश्न विचारले. त्यामुळेच पुढचे सर्व शक्य झाले असे मी मानतो.

सभा कोठे आणि केव्हा

पुढची सभा बाजाराच्या दिवशी ठेवली. आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर कामाला जात नाहीत, आठवड्याचा चुकारा हाती आलेला असतो आणि दुपारनंतर लोक गावात असतात. दोन्ही शिक्षक त्या दिवशी उशिरापर्यंत थांबले. सभा शाळेत नव्हती, समाजमंदिरात होती, आणि त्यानंतर आठवडाभराने तोच विषय घेऊन दोघेही पोडाच्या चावडीत गेले. जाण्याआधी नाईकांना भेटून त्यांची संमती घेतली होती.

चावडीतील बैठकीत शिक्षकांनी आधी काहीच सांगितले नाही. मुलांना शाळेत काय आवडते आणि काय जड जाते, एवढेच विचारले. उत्तर यायला वेळ लागला. मग एका आजीने सांगितले की नातू शाळेतून आल्यावर गप्प असतो, मॅडम काय म्हणतात ते त्याला कळत नाही आणि विचारायची भीती वाटते. नाल्याचा विषय त्यानंतर निघाला. आणि शेवटी, अगदी उठता उठता, एका वडिलांनी विचारले की शाळेच्या समितीत पोडाचा माणूस का नाही.

हा प्रश्न कायद्याचाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. समिती स्थापन करताना स्त्रियांची संख्या कागदावर भरली होती, पण पोडातील पालकांचा विचारच झाला नव्हता. रिक्त झालेल्या दोन जागांवर पालकसभेतून पोडातील एक आई आणि एक वडील निवडून घेण्यात आले. गावातील काहींनी नाराजी दाखवली. मुख्याध्यापकांनी कायद्याची प्रत वाचून दाखवली आणि विषय वाढू दिला नाही, आणि ते योग्यच होते. काही गोष्टी चर्चेला ठेवायच्या नसतात.

किल्ली

दोन तासांच्या पोकळीवर उपाय पालकांनीच सुचवला. शाळेचा व्हरांडा आणि एक खोली सकाळी आठला उघडी मिळाली तर गावातील म्हातारी माणसे आणि घरी असणाऱ्या बाया आळीपाळीने मुलांजवळ बसतील. शिक्षकांनी लवकर यावे अशी मागणी कोणीही केली नाही. मागणी एवढीच होती की किल्ली गावात ठेवावी.

मुख्याध्यापकांची अडचण खरी होती. शाळेत टीव्ही संच होता, पोषण आहाराचे धान्य होते, दाखल-खारीज रजिस्टर होते; त्यातील काही गहाळ झाले तर जबाबदारी त्यांची एकट्याची. वरिष्ठांनी विचारले तर काय सांगायचे? शाळेच्या आवारात शिक्षक नसताना एखादे मूल पडले तर? या शंकांना कोणी “तुमचा आमच्यावर विश्वास नाही” असे उत्तर दिले असते तर गोष्ट तेथेच संपली असती. सदस्य बाई, ज्यांनी सहीला नकार दिला होता, त्यांनीच शंकांची एकेक करून यादी करायला सांगितली.

ठराव असा झाला. कार्यालयाचे कपाट आणि धान्याची खोली यांची कुलपे वेगळी राहतील आणि त्यांच्या किल्ल्या मुख्याध्यापकांकडेच असतील. व्हरांड्याच्या जाळीची आणि एका खोलीची दुसरी किल्ली समितीने ठरवलेल्या दोन मातांकडे राहील, एक गावातील आणि एक पोडातील. रोज दोन प्रौढ व्यक्ती उपस्थित असल्याशिवाय कुलूप उघडायचे नाही. आठवड्याची पाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. मूल आजारी वा जखमी झाल्यास कोणाला फोन करायचा हे दारामागे लिहून ठेवायचे. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांकडे दिली आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही कळवले. ही कागदोपत्री काळजी काहींना नकोशी वाटते. परंतु मुख्याध्यापक निर्धास्त असल्याशिवाय अशी व्यवस्था महिनाभरही टिकत नाही.

मातांची नावे शोधावी लागली नाहीत. 2022 पासून शाळा पूर्वतयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांतून राज्यभर पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट तयार झाले आहेत, तसा गट येथेही कागदावर होता. त्याला पहिल्यांदाच करण्यासारखे काम मिळाले. अंगणवाडी सेविकांनी स्वतःहून सकाळचा अर्धा तास देऊ केला, कारण त्यांच्याकडची मुले पुढच्या वर्षी इथेच येणार होती.

सकाळच्या त्या वेळात शिकवणी घ्यायची नाही, हे शिक्षिकेने आग्रहाने ठरवून घेतले. ग्रंथपेटीतील पुस्तके बाहेर काढलेली असत. चौथीतील मुले पहिलीतल्यांना वाचून दाखवत, काही जण परसबागेला पाणी घालत, एक आजोबा दोरी वळायला शिकवत. पोडातील एक आजी येऊ लागल्या आणि त्या मुलांशी कोलामीत बोलत. साडेदहाला वर्ग सुरू झाल्यावरही शिक्षिकेने त्यांना पहिलीच्या वर्गात थोडा वेळ थांबण्याची विनंती केली. चित्र दाखवले की आधी आजी कोलामीत शब्द सांगत, मग मूल सांगे, मग मराठी शब्द येई. गावातील मुलांनाही ते शब्द पाठ होऊ लागले. चावडीत ज्या नातवाविषयी बोलणे झाले होते तो इतरांचे उच्चार दुरुस्त करू लागला. मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात जागा मिळणे ही शिकण्याची अट आहे, एवढेच नव्हे तर त्या घरातील माणसांना शाळेत जागा मिळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे, असे माझे मत आहे.

जे सहज जमले आणि जे जमले नाही

पोषण आहाराची चव मुलांना वाढण्याआधी घेऊन ती नोंदवायची असते. हे काम समितीतील पालकांनी पाळीने घेतले. प्राथमिकच्या प्रत्येक मुलासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असा निकष आहे, हे पालकांना पहिल्यांदाच कळले आणि भाजी कमी का पडते यावर स्वयंपाकी ताईंवर संशय घेण्याऐवजी परसबागेत मेथी, पालक आणि वांगी लावायचे ठरले. ताईंचे मानधन अनेकदा उशिरा येते हेही सभेत पहिल्यांदा बोलले गेले. समितीने त्याबद्दल लेखी पाठपुरावा सुरू केला. त्याने मानधन वेळेवर येऊ लागले असे नाही, परंतु ताई त्यानंतर प्रत्येक सभेला बसू लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याची व्यवस्थाही झाली. पोडातील दोन पालक पाळीने मुलांना आणून सोडू लागले आणि पाणी जास्त असेल त्या दिवशी फोनवर कळवू लागले. अशा दिवशी शिक्षिका दुपारी चावडीत जाऊन तेथेच मुलांना तासभर शिकवीत. नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, व्हावा म्हणून ग्रामसभेत ठराव घेतला आहे. तो अजून झालेला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. गावात तो घरोघरी होतो आणि सजवलेले मोठे लाकडी बैल असलेल्या घरांचीच मुले त्यात पुढे असतात. त्या वर्षी शाळेने तो व्हरांड्यात घ्यायचे ठरवले आणि बैल विकत आणायचा नाही, अशी एकच अट ठेवली. गावातील एका सुतारकाम करणाऱ्या आजोबांनी आणि पोडातील दोघांनी आठवडाभर सकाळच्या वेळेत टाकाऊ लाकडातून मुलांकडून बैल करून घेतले. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातकामातून शिक्षणाचा जो विचार मांडला गेला, त्याला याच विदर्भाच्या शाळांमध्ये आज फारसे स्थान उरलेले नाही, ही खंत येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. गावातील माणसे पोडातल्या माणसांच्या शेजारी बसून काम करताना मुलांनी पाहिले, याचे मोल कोणत्याही स्नेहसंमेलनापेक्षा मला अधिक वाटते.

डिसेंबरमधील उपस्थिती सुधारली, विशेषतः पहिली-दुसरीची. ती पूर्ण झाली नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या काही कुटुंबांची मुले त्या हंगामातही गावाबाहेरच राहिली. त्यांना शिक्षण हमी पत्रक देऊन तेथील शाळेत बसवण्याचा प्रयत्न झाला, पण भट्टीपासून शाळा दूर असली की पत्रकाचा उपयोग होत नाही; त्यासाठी हंगामी वसतिगृह किंवा जवळच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय लागते, आणि ती या शाळेच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. खासगी शाळेची गाडीही येतच राहिली. तिच्यातून जाणारी दोन मुले परत आली, बाकीची आली नाहीत, आणि त्यांच्या पालकांना शाळेच्या कार्यक्रमांपासून दूर ठेवायचे नाही असे समितीने ठरवले.

एकदा पाळीवरची एक व्यक्ती आली नाही आणि दुसऱ्या आजोबांनी मुले दारात उभी आहेत म्हणून एकट्यानेच कुलूप उघडले. काही विपरीत घडले नाही. तरीही पुढच्या सभेत त्याची चर्चा झाली, कोणालाही न दुखावता, आणि राखीव म्हणून दोन नावे वाढवण्यात आली. मला हा प्रसंग व्यवस्थेच्या बळाचा वाटतो, कारण ती चूक शिक्षकांनी नव्हे, पालकांनी सभेत आणली.

बदली

तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांची जिल्हांतर्गत बदली झाली. अशा बहुतेक प्रयत्नांचा शेवट येथेच होतो. एका शिक्षकाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीबरोबर निघून जाते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या आठवड्यात नवे मुख्याध्यापक रुजू झाले तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी आणि किल्ली असलेल्या दोन्ही मातांनी त्यांची भेट घेतली, ठरावाचे रजिस्टर समोर ठेवले आणि ही व्यवस्था पुढे चालवायची की बदलायची असे विचारले. त्यांनी महिनाभर पाहू असे सांगितले आणि या काळात किल्ली आपल्याकडे मागून घेतली. पालकांनी ती दिली. त्या महिन्यात सकाळची व्यवस्था बंद राहिली. नंतरच्या सभेत नव्या मुख्याध्यापकांनी ठरावात एक बदल सुचवला, की दर शनिवारी त्या आठवड्याची उपस्थिती व घडामोडी एका वहीत लिहाव्यात. तो मान्य झाला आणि वेचणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दुसरी किल्ली पुन्हा गावात आली.

समितीसमोर सध्या दोन विषय आहेत. चौथीनंतर मुलांना शेजारच्या गावातील शाळेत जावे लागते आणि पोडातील मुली तेथे पोहोचेपर्यंत गळतात. त्या गावच्या व्यवस्थापन समितीबरोबर एकत्र सभा घ्यावी असे ठरले आहे, पण तेथून अजून होकार आलेला नाही. दुसरा विषय शाळा विकास आराखड्याचा आहे. तीन वर्षांचा हा आराखडा समितीने तयार करायचा असतो आणि आजवर तो शिक्षकच भरून देत आले. या वेळी त्यातील पहिली मागणी नाल्यावरच्या रपट्याची असावी की पहिलीसाठी कोलामी जाणणाऱ्या सहायक व्यक्तीची, यावर पोडात आणि गावात वेगवेगळी मते आहेत आणि सभा पुढच्या बाजाराच्या दिवशी ठेवली आहे.